मेंढीचे कृत्रिम रेतन : ताजे वीर्य की गोठीत?



गाय माजावर आली की दवाखान्यात निरोप धाडायचा, डॉक्टर येऊन रेतन करून जातात, हे आता आपल्या अंगवळणी पडले आहे. मग मेंढीचे तसे का होत नाही? देवरीकडे धानाच्या बांध्या आणि शेळ्या जास्त, मेंढ्या कमी. तरी ज्यांच्या दावणीला पंचवीस-तीस मेंढ्या आहेत त्यांनी हे समजून घ्यावे.

अडचण आहे ती गर्भाशयमुखाची. गाईच्या गुदद्वारातून हात घालून गर्भाशयमुख पकडता येते आणि नळी आत सरकवता येते. मेंढीत हात जातच नाही. शिवाय तिच्या गर्भाशयमुखात चार ते सात वळ्या असतात, त्याही एका सरळ रेषेत नाहीत. नळी पहिल्या-दुसऱ्या वळीतच अडते.

म्हणून वीर्य ताजे असेल तर गर्भाशयमुखाच्या तोंडाशी सोडतात. चांगल्या मेंढ्याच्या एका वेळच्या वीर्यात, म्हणजे साधारण 1 मिलीलिटरमध्ये, 300 कोटींच्या आसपास शुक्रजंतू असतात. मेंढीला 15 कोटींची मात्रा धरली तर वीस मेंढ्या भागतात. काम नीट झाले तर शंभरात पन्नास-साठ गाभण राहतात. मात्र हे वीर्य काही तासांतच वापरावे लागते, म्हणून मेंढा जवळपास हवा.

गोठीत वीर्य द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर वर्षानुवर्षे टिकते, कुठूनही आणता येते. पण वितळल्यावर शुक्रजंतू कमजोर होतात, वळ्या ओलांडून जात नाहीत. तोंडाशी सोडले तर शंभरात दहा ते तीसच मेंढ्या धरतात. यावर उपाय म्हणजे पोटाला लहान छिद्रे पाडून, दुर्बिणीतून पाहत वीर्य थेट गर्भाशयात सोडणे. मात्रा 4 कोटींची पुरते, आणि पन्नास ते सत्तर गाभण राहतात. पण त्याआधी 12 ते 14 दिवस संप्रेरकाचा स्पंज, मग इंजेक्शन, आदल्या दिवशी उपास, वर यंत्र आणि शिकलेला डॉक्टर. घरच्या कळपाला हा खर्च पेलणारा नाही. कोणी स्वस्तात करून देतो म्हणाला, तर त्याने किती मेंढ्या केल्या आणि त्यातल्या किती व्याल्या, हे आधी विचारा.

आता फलटणचे पाहा, तो उसाचा मुलूख. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील लहानखुऱ्या गरोल मेंढीतला जुळी देण्याचा गुण आपल्या दख्खनी मेंढीत आणला. तीच ‘नारी सुवर्णा’. हा गुण एकाच जनुकाचा असून त्याचा नेमका पत्ता 2001 साली लागला. रक्त तपासून मेंढ्यात तो आहे की नाही ते कळते. आई-बाप दोघांकडून गुण आलेला मेंढा असला तर त्याच्या प्रत्येक कोकरात तो उतरतो. असा एक मेंढा पंचवीस-तीस मेंढ्यांना पुरतो, मग सुई-दुर्बीण हवी कशाला? माझ्या मते आपल्याला हाच मार्ग बरा. चार-पाच घरांचे कळप एकाच गावात असतील, तर ताज्या वीर्याचा विचार करावा.

जुळी आली म्हणजे दूधही दोघांपुरते लागते. शेवटचे सहा आठवडे नुसत्या उसाच्या वाढ्यांवर भागत नाही; हरभऱ्याचे कुटार, थोडी पेंड द्यावी. रेतनानंतर सतराव्या दिवसाच्या आसपास मेंढी पुन्हा माजावर येते का ते बघावे. आणि दीड-दोन वर्षांनी मेंढा बदलावा, नाहीतर तो स्वतःच्याच लेकींवर जातो.