बावखलाच्या काठी अन्नसाखळीचा धडा



प्राथमिक शाळेत मुलांना अन्नसाखळी शिकवली जाते. 'गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड' ही ओळ बहुतेक मुलांना तोंडपाठ असते. पण 'बेडूक नाहीसे झाले तर काय होईल?' असे विचारले की पुष्कळ मुले गप्प होतात. ओळ पाठ झालेली असते, साखळी समजलेली नसते. ती घरी किंवा वर्गात कशी समजावून द्यावी, यासाठी हा पाठ. साधने साधीच आहेत: पुठ्ठ्याचे तुकडे, सुतळी आणि शंभर चिंचोके.

१. आपले बावखल पाहा
वसईच्या मुलांना उदाहरणासाठी दूर जायला नको. मिस्साहून परतताना बावखलाजवळ पाच मिनिटे थांबा. मुलांना काठापासून दूर, हात धरून उभे करा. पाण्यावर हिरवे शेवाळ असते. डासांच्या अळ्या शेवाळाचे बारीक कण खातात, लहान मासे अळ्या खातात आणि फांदीवर बसलेला खंड्या सूर मारून मासा पकडतो. शेवाळ मात्र कोणाला खात नाही. ते सूर्यप्रकाशात स्वतःचे अन्न स्वतः तयार करते, म्हणून त्याला उत्पादक म्हणतात.

२. बाण कोणीकडे?
पुठ्ठ्यांवर शेवाळ, अळी, मासा आणि खंड्या यांची चित्रे काढून घ्या. मग मुलांना बाण काढायला सांगा. 'मासा अळीला खातो' असे आपण बोलतो, म्हणून अनेक मुले माशाकडून अळीकडे बाण काढतात. नियम सोपा आहे: बाणाचे टोक खाणाऱ्याच्या तोंडाकडे. अन्न कोणाकडे चालले आहे ते बाण सांगतो. हा मुद्दा पक्का करून घ्या, पुढे तो लागणार आहे.

३. चिंचोक्यांचा खेळ
'शेवाळ' झालेल्या मुलाला शंभर चिंचोके द्या. त्याने दहाच 'अळी'ला द्यायचे, 'अळी'ने एकच 'माशा'ला द्यायचा. उरलेले टोपलीत टाकायचे. हालचाल, श्वासोच्छ्वास, शरीराची ऊब यांतच बरीचशी ऊर्जा खर्च होते आणि पुढच्याला साधारण दहावा हिस्सा मिळतो. आता खंड्याला काय द्यायचे? एक चिंचोकाही पुरा नाही! बावखलात अळ्या असंख्य आणि खंड्या मात्र एखाददुसरा का, हे मुले आपणहून सांगतील.

४. सुतळीचे जाळे
आता बेडूक, बगळा आणि दिवड यांनाही घ्या. बगळा मासे खातो, बेडूकही खातो. दिवड सापही दोन्ही खातो. कोण कोणाला खातो त्याप्रमाणे मुलांच्या हातांत सुतळ्या द्या. साखळीचे जाळे झालेले दिसेल. मग 'मासा' झालेल्या मुलाला सुतळ्या सोडायला सांगा. ज्यांची सुतळी सैल पडली, त्यांनी हात वर करायचे. खंड्या आणि बगळा उपाशी राहिले. आणि अळ्या? त्यांना खाणाराच गेला, म्हणून डास वाढले.

हे नुसते खेळातले नाही. बावखलात सांडपाणी सोडले की पाणी कुजते, त्यातील प्राणवायू कमी होतो आणि मासे मरतात. डासांच्या अळ्या मात्र पृष्ठभागाशी येऊन बाहेरची हवा घेतात, त्यामुळे त्या तग धरतात. बावखलात कचरा का टाकू नये, हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

५. विषही बाणाच्याच दिशेने जाते
मोठ्या मुलांना गिधाडांची हकिकत सांगा. १९९० च्या दशकात भारतातील गिधाडे झपाट्याने मरू लागली. त्यांना कोणी मारत नव्हते. २००४ मध्ये कारण उघड झाले. गुरांना वेदना कमी करण्यासाठी दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत होती. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरातील नव्व्याण्णवांहून अधिक नाहीशी झाली. २००६ मध्ये सरकारने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. पण गिधाड वर्षाला एकच अंडे घालते. तुटलेली कडी जोडायला पिढ्या लागतात.

६. शेवट कोठे?
खंड्या मेला की साखळी संपली का? नाही. जिवाणू आणि बुरशी मेलेले जीव व गळलेली पाने कुजवतात. त्यांना विघटक म्हणतात. त्यांच्यामुळे मातीला कस मिळतो आणि त्यावर पुन्हा झाडे वाढतात. तळ्याचा गाळ शेतकरी खत म्हणून वापरतात तो याचसाठी.

या आठवड्याचा स्वाध्याय
(अ) रात्रीच्या जेवणातील एक पदार्थ निवडा आणि त्याची साखळी सूर्यापर्यंत मागे न्या. सुक्या बोंबलापासून सुरुवात केली तरी चालेल!
(आ) विषारी औषध खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर काय होईल? बाण काढून दाखवा.
(इ) आपल्या आळीत पूर्वी किती बावखले होती व आज किती उरली आहेत, हे आजी-आजोबांना विचारा. जी बुजवली गेली, तेथील मासे, बेडूक आणि खंड्या यांचे काय झाले असेल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पालकांनीही मुलांबरोबर बसून लिहावे.