हिशोबाची दुसरी प्रत: आठवणीवर नको, वेळापत्रकावर

मागच्या पावसाळ्यात आपल्या ऑफिसचा कॉम्प्युटर बंद पडला. दुरुस्तीवाल्या दादांनी सांगितलं, हार्डडिस्क गेली. कर्जवाटपाची शीट, बैठकांचे अहवाल, सगळं त्यातच होतं. पेनड्राइव्हवर शेवटची कॉपी चार महिन्यांपूर्वीची. "शुक्रवारी करते" असं मीच म्हणत राहिले होते. मग लेखापाल ताईंनी आणि मी एकेका गटाचं रजिस्टर आणि पासबुक घेऊन आकडे पुन्हा भरले. एका ताईने फेडलेला हप्ता बाकी दिसत होता. तिच्या हातात पावती होती म्हणून निभावलं. नसती तर?

आपण सगळं बियाणं एकाच कणगीत ठेवत नाही. हिशोबाचंही तसंच.

नेटवर्क ड्राइव्ह म्हणजे काय?
ही हार्डडिस्क असलेली छोटी पेटी असते. ती वायफायच्या राउटरला केबलने जोडायची. मग त्याच वायफायवरचा कॉम्प्युटर तिच्यात फाईल ठेवू शकतो. ऑफिसला चालते, तशी घरीही चालते.

आपोआप कॉपी कशी लावायची? (विंडोज १० आणि ११)
१. पेटीत 'बॅकअप' नावाचं फोल्डर करा आणि त्याला पासवर्ड ठेवा.
२. कॉम्प्युटरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'फाईल हिस्ट्री' उघडा.
३. 'सिलेक्ट ड्राइव्ह' आणि मग 'अॅड नेटवर्क लोकेशन' दाबून ते फोल्डर निवडा.
४. 'टर्न ऑन' करा.
५. 'अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज'मध्ये वेळ ठरवा. काही बदललं नाही तर दर तासाला कॉपी होते. दर १० मिनिटांपासून दिवसातून एकदा इथपर्यंत पर्याय आहेत. आपल्या कामाला दर तास पुरे.

जुनी प्रतही राहते. म्हणजे आज चुकून आकडा खोडला, तरी कालची फाईल मिळते.

इथे फसू नका
- फाईल हिस्ट्री डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरलेल्या फोल्डरचीच कॉपी करते. हिशोब 'डी' ड्राइव्हवर असेल तर तो आपोआप जात नाही. ते फोल्डर डॉक्युमेंट्समध्ये हलवा. मात्र हिशोबाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर आधी ते बसवून देणाऱ्याला विचारा.
- कॉम्प्युटर बंद असताना कॉपी होत नाही. लाईट गेल्यावर राउटर किंवा पेटी बंद राहिली नाही ना, हे आल्या आल्या बघा.
- महिन्यातून एकदा 'रिस्टोअर पर्सनल फाईल्स'मधून एक जुनी फाईल परत आणून उघडून बघा. आणताना 'रिस्टोअर टू' निवडून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे चालू फाईल पुसली जाणार नाही. उघडून न पाहिलेली कॉपी म्हणजे न मोजलेली रोकड.

तिसरी प्रत बाहेर
पेटी आणि कॉम्प्युटर एकाच खोलीत असतात. चोरी झाली, आग लागली, वीज पडली तर दोन्ही जाऊ शकतात. कॉम्प्युटरमध्ये शिरलेला व्हायरस जोडलेल्या पेटीपर्यंतही पोचू शकतो. म्हणून महिन्याच्या शेवटी एक कॉपी वेगळ्या हार्डडिस्कवर घ्या, ती काढून घ्या आणि सचिव ताईंच्या घरी कुलपात ठेवा. त्यात सभासदांचे आधार आणि खाते नंबर असतात, म्हणून तिलाही पासवर्ड हवाच. पासवर्ड एकटीलाच माहीत नको. अध्यक्ष आणि सचिव दोघींकडे बंद पाकिटात असू द्या.

आणि ताईंनो, कॉम्प्युटर आला म्हणून वही सोडू नका. त्या वेळी आपल्याला वहीनेच वाचवलं.

पुढच्या बैठकीत विचारा: आपल्या हिशोबाच्या किती प्रती आहेत? शेवटची कॉपी कोणत्या तारखेची? ती उघडून कोणी पाहिली? उत्तर इतिवृत्तात लिहा. पैसा तुमचा आहे, त्याची नोंद कुठे आहे हे विचारणं तुमचा हक्क आहे.