व्हेरिफिकेशन होईपर्यंत : निवड झालेल्या उमेदवारासाठी कृती

नाशिकरोडला ‘पोरगा प्रेसमध्ये लागला’ एवढे म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. पण यादीत नाव लागणे वेगळे आणि गेटच्या आत पाऊल पडणे वेगळे. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ पासून इथे आहे; पासपोर्ट, टपाल तिकिटे, मुद्रांक तिथे छापले जातात. शेजारच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. ओझरचा हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा (एचएएल) कारखाना १९६४ मध्ये मिग विमानांसाठी उभा राहिला, पुढे तिथे सुखोई बनली. अशा ठिकाणी सहसा पोलिसांचा अहवाल आल्याशिवाय माणूस आत घेत नाहीत. त्याला महिना लागेल की सहा महिने, हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही.

या काळात घरात एकच शंका फिरत राहते : ‘काही गडबड तर नाही ना?’ बहुतेक वेळा गडबड नसते. फाइल अडते ती पत्ता बदलल्याने, नावातल्या फरकाने, फोन न लागल्याने किंवा ती दुसऱ्या जिल्ह्यात गेल्याने. म्हणून दोन गोष्टी सांभाळायच्या : पोलिसांना सहज सापडायचे आणि तोवर आपले काम थांबवायचे नाही.

जवळ ठेवायचे साहित्य

भरलेल्या अटेस्टेशन फॉर्मची (पोलीस पडताळणीसाठी द्यायच्या माहितीपत्रकाची) झेरॉक्स, दहावीची सनद, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, राहिलेल्या प्रत्येक जागेचा पुरावा (भाडेकरार, वीजबिल, होस्टेलचे पत्र), जुन्या नोकरीची पत्रे, पासपोर्ट फोटो आणि तारखा लिहायला एक वही.

कृती

१. फॉर्म देण्याआधी पत्त्यांची यादी करा. केंद्र सरकारच्या नेहमीच्या फॉर्ममध्ये मागच्या पाच वर्षांत सलग वर्षापेक्षा जास्त जिथे राहिलात ते सगळे पत्ते मागतात. घर निफाडला, शिक्षण पुण्याला, नोकरी सातपूरला असेल तर तिन्ही ठिकाणच्या पोलिसांकडे चौकशी जाऊ शकते. प्रत्येक पत्त्यापुढे पोलीस ठाण्याचे नाव अचूक लिहा. नाशिकरोड, उपनगर, देवळाली कॅम्प ही ठाणी शहर पोलीस आयुक्तालयात येतात. ओझर आणि निफाड ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे. ही गल्लत झाली की कागद चुकीच्या कार्यालयात जाऊन परत येतो.

२. नाव एकसारखे करा. दहावीच्या सनदेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. वडिलांचे नाव एकीकडे ‘बाळासाहेब’, दुसरीकडे ‘बाळू’. असा फरक असेल तर आधार दुरुस्त करून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्राची प्रत तयार ठेवावी. फॉर्मवर दहावीच्या सनदेप्रमाणेच नाव लिहा.

३. जुनी केस लपवू नका. अटक, खटला, दंड, बंधपत्र यांबद्दल फॉर्ममध्ये थेट प्रश्न असतात. मिरवणुकीतली हाणामारी, मोर्चातला गुन्हा, ‘ती तर साधी चॅप्टर केस होती’ अशी प्रकरणेही त्यात येतात. मिटले किंवा निर्दोष सुटलो, तरी प्रश्न विचारला असेल तर उत्तर द्यायचे आणि निकालाची प्रत जोडायची. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये याबद्दलची तत्त्वे घालून दिली : माहिती खरी हवी, किरकोळ गुन्हा असेल तर वय आणि परिस्थिती पाहून नोकरी देणारा दुर्लक्ष करू शकतो, खरी माहिती दिली म्हणून नेमणूक मिळेलच असे मात्र नाही. लपवलेले उघड झाले तर रुजू झाल्यावरही नोकरी जाऊ शकते. शंका असेल तर फॉर्म देण्याआधी वकिलाला दाखवा.

४. दिल्यानंतर घडलेलेही कळवा. फॉर्म दिल्यावर गुन्हा नोंदला गेला, अटक झाली, तर ते लगेच लेखी कळवावे लागते. न कळवणे हे माहिती दडवणेच धरतात. पत्ता किंवा मोबाइल बदलला तरी अर्ज देऊन पोच घ्या. या काळात जुना नंबर बंद करू नका.

५. घरच्यांना आणि ओळख देणाऱ्यांना सांगून ठेवा. फॉर्ममध्ये ज्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींची नावे दिली त्यांना आधी कल्पना द्या. गावी पोलीस पाटलांना, शहरात सोसायटीच्या चेअरमनना भेटून या. भाड्याने राहत असाल तर घरमालकाने भाडेकरू नोंदणी केली आहे का ते बघा. हवालदार दारात आल्यावर शेजारच्या काकू ‘असं कुणी राहत नाही इथे’ म्हणाल्या, तर अहवालात तेच लिहिले जाते.

६. बोलावणे आले की त्याच दिवशी जा. पोलीस ठाण्यात हे काम बहुधा ‘गोपनीय’चा अंमलदार पाहतो. मूळ कागद आणि झेरॉक्सचे दोन संच न्या. विचारतील तेवढेच, सरळ सांगा. निघताना अहवाल पुढे कुठे जातो ते विचारा आणि तारीख वहीत लिहा. ‘चहापाण्याचे’ मागितले तर देऊ नका; लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. ‘प्रेसमध्ये वरपर्यंत ओळख आहे, व्हेरिफिकेशन काढून देतो’ म्हणणाऱ्यालाही दारातूनच परत पाठवा.

७. विचारणा मोजकी आणि लेखी करा. रोज फोन करून फाइल हलत नाही. महिन्यातून एकदा भरती विभागाला ईमेल पुरे. त्यात नाव, पद, निवड यादीतला क्रमांक आणि फॉर्म दिल्याची तारीख असावी. बरेच महिने उत्तर नसेल तर केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर, म्हणजे सीपीग्राम्सवर, नोंद करा. त्यानंतर माहितीचा अधिकार. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. ‘मला अजून का घेतले नाही?’ असे न विचारता कागदावर सापडेल ते मागा : फॉर्म कोणत्या तारखेला, कोणत्या कार्यालयाकडे पाठवला, अहवाल आला का, आला असल्यास कोणत्या तारखेला. अर्ज भरती करणाऱ्या आस्थापनेकडे करा. गुप्तचर विभागाकडे नको; त्याला कलम २४ खाली या कायद्यातून सूट आहे.

८. हातातली नोकरी सोडू नका. अंबड किंवा सिन्नरच्या कंपनीत असाल तर रुजू होण्याची तारीख कागदावर येईपर्यंत राजीनामा नको. नोटीस पिरियड किती ते पाहून ठेवा. बेकार असाल तर मिळेल ते काम धरा, पण त्याची नोंद आणि पत्र हवे. दुसऱ्या परीक्षांचे फॉर्म भरत राहा. वयाची मर्यादा तुमच्या व्हेरिफिकेशनसाठी थांबत नाही. नव्या पगाराच्या भरवशावर गाडीचा हप्ता किंवा घराचे टोकन तर अजिबात नको.

९. मोबाइल सांभाळा. ऑफर लेटरचा फोटो स्टेटसला ठेवू नका. कारखान्याच्या गेटसमोर सेल्फी नको. अनोळखी प्रोफाइलवरून ‘तुम्ही एचएएलमध्ये लागलात ना?’ अशी गोड चौकशी आली तर उत्तर न देता ब्लॉक करा. ओझरच्याच कारखान्यातल्या एका कर्मचाऱ्याला २०२० मध्ये महाराष्ट्र एटीएसने विमानांची गोपनीय माहिती परकीय हेरसंस्थेला पुरवल्याच्या आरोपावरून अटक केली होती. काय बोलायचे नाही, हे नोकरीच्या आधीच अंगवळणी पडलेले बरे.

१०. घरात एक उत्तर ठरवा. ‘झालं का रे जॉइनिंग?’ हा प्रश्न लग्नात, दहाव्याला, भाजीबाजारात कुठेही येतो. ‘व्हेरिफिकेशन चालू आहे, पत्र आलं की सांगतो’ हे वाक्य आई-वडिलांनाही सांगून ठेवा. स्थळ बघताना ‘निवड झाली आहे, नेमणूक व्हायची आहे’ असेच सांगा. व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसऱ्याचे पत्र आलेले दिसले तरी घाबरू नका. त्याचा एकच पत्ता असेल, तुमचे तीन.

टीप

ऑफर लेटर नीट वाचा. काही ठिकाणी स्वयंघोषणेवर तात्पुरती नेमणूक देतात आणि पडताळणी मागाहून होते. तिथे अहवाल येईपर्यंत नोकरी पक्की धरू नका. महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून तुम्ही स्वतः काढलेला चारित्र्य दाखला आणि खात्याने मागवलेला गोपनीय अहवाल हे दोन वेगळे कागद आहेत. पहिला मिळाला म्हणून दुसरा झाला असे समजू नका. आणि अहवाल प्रतिकूल आल्याचे लेखी कळले, तर त्या पत्राची तारीख धरून लगेच वकिलाकडे जा. तिथे वाट पाहण्यात फक्त मुदत जाते.