मुक्या रुग्णाचा गजर

‘गजर’ हा शब्द आपण दोन ठिकाणी ऐकतो. वारीच्या वाटेवर विठ्ठलनामाचा गजर होतो आणि पहाटे उशाशी ठेवलेल्या घड्याळाचाही. पहिला तल्लीन करतो, दुसरा जागे करतो. प्रस्तुत पाठातील गजर दुसऱ्या जातीचा आहे. पशुवैद्यकीय शस्त्रक्रियागृहात भूल दिलेल्या प्राण्याजवळ जे निरीक्षणयंत्र, म्हणजेच मॉनिटर, ठेवलेले असते, त्याचा हा गजर.

हृदयाचे ठोके, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण, रक्तदाब, तापमान आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड यांची मोजणी हे यंत्र अखंड करीत असते. प्रत्येक मापास खालची व वरची मर्यादा ठरवून दिलेली असते. ती ओलांडली की गजर होतो. यंत्राची जाण येथेच संपते. समोर घोडा आहे की मांजर, हे त्यास आपण सांगावे लागते. निरोगी घोड्याचे हृदय विश्रांतीत मिनिटाला सुमारे २८ ते ४४ ठोके देते, तर मांजराचे १४० ते २२०. माणसासाठी बेतलेली ६० ते १०० ही मर्यादा तशीच राहिली, तर घोड्यापाशी यंत्र विनाकारण ओरडत राहील. भुलेखालील मांजराचे ठोके ८० पर्यंत उतरले असता मात्र ते गप्प बसेल, आणि ही शांतता त्या ओरडण्याहून घातक होय.

कित्येक गजर खोटेही असतात. प्राणवायू मोजणारा चिमटा बहुधा जिभेवर लावतात. बराच वेळ दाब पडून जीभ तेथे पांढुरकी पडते, कोरडी होते आणि आकडा घसरतो; चिमटा थोडा सरकवून जीभ ओलसर केली की तो पूर्ववत होतो. विद्युत्-हृदयालेखातही अशीच फसगत संभवते. ठोक्यामागून येणारी लाट उंच असली, तर यंत्र तिलाच दुसरा ठोका समजते व दुप्पट संख्या दाखवते. अशा वेळी मांडीच्या आतील नाडीवर बोटे ठेवून मोजणे हाच निवाडा. (या आलेखाशी प्राण्यांचे नाते जुने आहे. मनुष्याच्या हृदयाचा असा आलेख १८८७ साली लंडनमध्ये प्रथम नोंदविणारे ऑगस्टस वॉलर पुढे आपल्या जिमी नावाच्या बुलडॉगचे पाय खारट पाण्यात ठेवून प्रात्यक्षिके करीत. त्यावर ब्रिटिश संसदेत क्रौर्याचा प्रश्नही विचारला गेला होता!)

आता एक प्रसंग कल्पू या. मांजरीवर शस्त्रक्रिया चालू आहे. तिची कूस बदलताच यंत्र ओरडू लागते: उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडची रेषा सपाट झाली आहे. साहाय्यक पडद्याकडे पाहतो. प्राणवायू ९८ टक्के, ठोकेही नियमित. ‘खोटा गजर’ असे म्हणून तो आवाज बंद करण्यासाठी हात पुढे करतो.

येथेच घात होतो. मान वळल्यामुळे श्वासनलिकेतील बारीक नळी दुमडली आहे व श्वास कोंडला आहे. फुप्फुसांत शुद्ध प्राणवायूचा साठा शिल्लक असल्याने रक्तातील आकडा काही काळ उत्तमच दिसतो. तो ९० च्या खाली येईल तेव्हा हाती फारसा अवधी उरलेला नसेल. एकच माप बिघडले म्हणून ते खोटे ठरत नाही. काही मापे आधी बोलतात, काही मागाहून. म्हणून जाणते भूलतज्ज्ञ आधी प्राण्याकडे पाहतात: छाती हलते आहे का, हिरड्यांचा रंग कसा आहे, नाडी लागते का? मग नळी, आणि शेवटी यंत्र.

खोट्या गजरांनी कान बधिर होतात, हेही खरे. त्यावर उपाय आवाज मिटविण्याचा नाही, मर्यादा त्या प्राण्यास अनुरूप ठरविण्याचा आहे. आवाज तात्पुरता थांबवावाच लागला, तर कारण शोधून मगच थांबवावा. माणूस शुद्धीवर आल्यावर निदान ‘घसा दुखतो’ म्हणतो. मांजरीच्या बाजूने बोलणारे त्या खोलीत तेव्हा ते यंत्रच असते.

स्वाध्याय
१. ‘ही शांतता त्या ओरडण्याहून घातक होय’ असे लेखकाने का म्हटले आहे?
२. प्राणवायू ९८ टक्के असूनही मांजरीचा जीव धोक्यात कसा होता, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.
३. ‘गजर’ शब्दाचे दोन्ही अर्थ स्पष्ट होतील अशी वाक्ये तयार करा.