डिप्लोमाची फी भरण्याआधी

खर्डा म्हटलं की लोकांना १७९५ची लढाई आठवते, नाहीतर किल्ल्यावरचा उंच भगवा ध्वज. आमच्याकडून बाहेर पडणाऱ्या नर्स पोरींची मात्र कुठे नोंद नसते. खर्ड्यातून, जामखेडातून, शेजारच्या भूम-पाटोद्यातून मुली जीएनएम करून नगर, बार्शी, पुण्याच्या आयसीयूत नाईट करतात. त्यांतलीच मी एक. दिवाळीत गावी गेले की कुणाची तरी आई मुलीला घेऊन येते आणि विचारते, "ताई, हिला आयसीयूचा कोर्स करायचाय. चाळीस हजार मागतात. भरू का?" तिला जे सांगते तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

माझ्या वडिलांनीही असेच पैसे भरले होते, उडीद-तुरीचे. दुकानांच्या वर तीन खोल्यांची संस्था, वर्ग फक्त रविवारी, सहा महिन्यांत 'डिप्लोमा इन क्रिटिकल केअर'. भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं. ते खरं होतं, पण ते संस्थेच्या नोंदणीचं होतं. शिकवायच्या कोर्सला कुणाची मान्यता आहे हा प्रश्न आम्ही विचारलाच नाही आणि त्यांनीही आपणहून सांगितलं नाही. खाजगी हॉस्पिटलात नोकरी लागली, तिथे तो कागद कुणी नीट पाहिलाही नाही. सरकारी जागेचा अर्ज भरायला बसले तेव्हा शैक्षणिक पात्रतेच्या रकान्यात तो लिहायला जागाच नव्हती.

अशा संस्था कायद्याच्या कडेकडेने चालतात. सोसायटी किंवा कंपनी म्हणून नोंद करायची, 'सरकारी नोंदणीकृत' असं मोठ्या अक्षरात छापायचं आणि पोरींच्या घाईवर धंदा करायचा. नर्सिंगमध्ये पदवी-पदविका चालते ती भारतीय परिचर्या परिषदेच्या आणि राज्य परिषदेच्या मान्यतेने. केंद्रीय परिषदेच्या संकेतस्थळावर कोणत्या संस्थेला कोणत्या कोर्सची मान्यता आहे याची यादी असते. गावातल्या कुठल्याही पोराच्या मोबाईलवर ती दहा मिनिटांत दिसते. फी भरायच्या आधी तेवढी दहा मिनिटं काढायची.

आयसीयूत पुढे जायचे खरे रस्ते मोजकेच आहेत. जीएनएम झाल्यावर नोंदणी आणि थोडा अनुभव असेल तर क्रिटिकल केअर नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करता येतो. तो राज्य परिषदेत वाढीव पात्रता म्हणून नोंदवता येतो. दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी केलं की पदवीचं दार उघडतं, आणि माझ्या मते जीएनएमवाल्या मुलीने आधी तेच करावं. डिप्लोमा नंतरही होतो. बीएस्सी असलेल्यांसाठी परिषदेने 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आखलेला आहे. त्यात बहुतेक वेळ रुग्णाजवळच जातो. अतिदक्षता तज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनेचाही, म्हणजे आयएससीसीएमचा, परिचारिकांसाठी आयडीसीसीएन हा कोर्स आहे. शिकायला चांगला आणि मोठ्या खाजगी हॉस्पिटलांत त्याला किंमत आहे. पण तो संघटनेचा कोर्स आहे, परिषदेचा नाही, एवढं ध्यानात ठेवून करावा.

अनुभवाच्या पत्राचीही तीच गत. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीची नॉरसेट परीक्षा २०२० पासून होते. तिथे जीएनएमवाल्यांना किमान पन्नास खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव मागतात. बीएस्सीवाल्यांना ही अट नाही. माझी सुरुवातीची नोकरी तालुक्याच्या गावातल्या छोट्या हॉस्पिटलातली. तिथे कामाला कमी नव्हतं. सर्पदंश, विषबाधा, अपघात, सगळं मी तिथेच पाहिलं. पण खाटा पन्नासच्या आत, म्हणून ती वर्षं या हिशोबात शून्य. नोकरी धरताना खाटा किती हे विचारा आणि सोडताना अनुभवपत्रावर खाटांची संख्या, विभागाचं नाव आणि रुजू झाल्याची-सोडल्याची तारीख लिहून घ्या. नुसतं 'कर्तव्यदक्ष परिचारिका' असं प्रशस्तिपत्र काही कामाचं नाही. मूळ कागद कुणाकडेही ठेवू नका. बाँड म्हणून मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायची प्रथा परिषदेला मान्य नाही. माझी अडकली होती आणि सोडवायला वडिलांना दोनदा एसटीने यावं लागलं.

पगाराचंही बोलून घेते, कारण मुली ते विचारायला लाजतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने खाजगी हॉस्पिटलांसाठी शिफारस केली की पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी नर्सला महिन्याला २०,००० रुपयांपेक्षा कमी देऊ नयेत. दोनशेहून जास्त खाटा असतील तर राज्य सरकारच्या नर्सइतकं वेतन द्यावं. ही शिफारस कागदावर आहे, पाळणारे थोडे. तरी मुलाखतीला बसताना हा आकडा डोक्यात असलेला बरा.

कागदाचं एवढं पुरे. कितीही कागद जमवले तरी रात्री अडीच वाजता व्हेंटिलेटर ओरडायला लागला की ते कपाटातच राहतात. हाय प्रेशरचा अलार्म असेल तर नळी दुमडली आहे का, कफ साठला आहे का, पेशंट नळी चावतोय का, हे आधी बघायचं. लो प्रेशरचा असेल तर कुठे सुटलंय का, गळतंय का. आणि काहीच कळेना तर अलार्म बंद करायचा नाही, पेशंटकडे बघायचं, गरज पडली तर मशीन काढून अँबू हातात घ्यायची आणि मदतीला हाक मारायची. हे मला रविवारच्या वर्गात कुणी शिकवलं नाही. एका केरळी इन्चार्ज सिस्टरने शिकवलं, तेही रागावून.

तिचीच आणखी एक शिकवण. हँडओव्हरला 'नॉरॲड साडेचारवर चालू आहे' असं म्हटलं की ती विचारायची, साडेचार काय? ५० मिलीत ४ मिग्रॅ घातलं तर एका मिलीत ८० मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या पेशंटला दर किलोला मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम द्यायचं तर तासाला ३६० मायक्रोग्रॅम, म्हणजे साडेचार मिली. दुसऱ्या हॉस्पिटलात ५० मिलीत ८ मिग्रॅ भरत असतील तर त्याच साडेचार मिलीत पेशंटला दुप्पट औषध जातं. नोकरी बदलून आलेल्या मुली नेमक्या इथे अडखळतात. म्हणून पंपावरचा आकडा पाठ करू नका, हिशोब पाठ करा. आयसीयूत लागणारं गणित सातवीच्या त्रैराशिकापलीकडे जात नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला ते इंग्रजीत आहे म्हणून घाबरायला होतं, एवढंच.

इंग्रजीवरून आठवलं. जाड पुस्तकं विकत घेऊन पहिल्याच प्रकरणात अडकू नका. ड्युटीत जे दिसलं त्यातली एकच गोष्ट घरी येऊन वाचायची. आज एबीजी कळला नाही, तर आज एबीजी. ईसीजीसाठी 'लाइफ इन द फास्ट लेन' हे संकेतस्थळ फुकट आहे आणि चित्रांवरूनही बरंच समजतं. जागतिक आरोग्य संघटनेचे ऑनलाइन कोर्सही फुकट असतात. बीएलएस आणि एसीएलएसला मात्र पैसे खर्च करा. ते कार्ड दोन वर्षं चालतं आणि हाताला सवय लागते. महाराष्ट्र परिषदेच्या नूतनीकरणाला पाच वर्षांत दीडशे तासांचं सततशिक्षण दाखवावं लागतं. ते तास शेवटच्या महिन्यात सह्या करून गोळा करणाऱ्या मैत्रिणी मी पाहिल्या आहेत. तास भरले, डोक्यात काही गेलं नाही.

काही शिक्षणाला प्रमाणपत्रच नसतं. ६ नोव्हेंबर २०२१ ला नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या आयसीयूला आग लागली आणि दहाहून अधिक रुग्ण गेले. पुढे त्या प्रकरणात परिचारिकांनाही अटक झाली. दोष कुणाचा ते ठरवणारी मी कोण? पण त्या दिवसापासून नव्या मुलीला पहिल्याच ड्युटीला मी ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुठे आहे, अग्निशामक कसा उघडायचा, कुठल्या दाराने खाट बाहेर निघते हे दाखवते. तुमच्या आयसीयूत हे कुणी दाखवलं नसेल तर उद्या स्वतः विचारा.

मोठ्या शहरावाचून शिकता येत नाही, ही समजूत जामखेडने केव्हाच खोटी ठरवली आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या जामखेडला येत, थोडं शिकत, गावात जाऊन ते करून बघत आणि पुन्हा येऊन काय झालं ते एकमेकींना सांगत. दरवेळी थोडं शिकायचं, लगेच वापरायचं, चुकलं तर बोलायचं. आयसीयूत मी आता मुलींचा गट असाच चालवते. नाईटला पेशंट स्थिर असतील तर पंधरा मिनिटं, एक विषय, आणि आळीपाळीने प्रत्येकीने शिकवायचं.

आमच्या भागातून गेलेल्या आणि आता इन्चार्ज झालेल्या सिस्टर-ब्रदरना एक विनंती आहे. सुट्टीला गावी आलात की जवळच्या नर्सिंग कॉलेजात किंवा बारावीच्या वर्गात एक तास जाऊन या. कोणता कोर्स मान्य आहे, अनुभवपत्र कसं घ्यायचं आणि अलार्म वाजला की आधी काय बघायचं, एवढं सांगितलंत तरी एखाद्या घरचे चाळीस हजार वाचतील.