वीजदर आणि न्यायाचे माप



दुकानात भाव पटला नाही, तर आपण पुढच्या दुकानात जातो. विजेच्या बाबतीत बहुतेकांना तशी सोय नाही. दुसऱ्याच्या अज्ञानाचा वा अडचणीचा फायदा घेऊन भाव चढवणे, हे ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीने (क्र. २४०९) सातव्या आज्ञेचा भंग मानले आहे. तेव्हा विजेचा दर कंपनीने एकटीने ठरवू नये, हे ओघानेच आले. आपल्या राज्यात तो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो.

विद्युत कायदा २००३ च्या कलम ६१ नुसार आयोगाने ग्राहकांचे हित राखायचे आणि विजेचा खर्चही वाजवी रीतीने वसूल होऊ द्यायचा. नुसता दर कमी ठेवणे म्हणजे न्याय नव्हे. आज राहिलेली तूट पुढे व्याजासह बिलात येऊ शकते. पण गळती, वीजचोरी आणि ढिसाळ कारभार यांचा भार नियमित बिल भरणाऱ्यावर किती टाकायचा, हे आयोगाने कंपनीला विचारलेच पाहिजे.

आता आपले बिल पाहा. युनिटचा दर वापराच्या टप्प्यांनुसार चढत जातो, हे योग्यच. पण वीज कितीही कमी जाळली, तरी स्थिर आकार उतरत नाही. समजा तो १०० रुपये आहे. महिन्याला २० युनिट वापरणाऱ्या एकट्या विधवेला तो युनिटमागे ५ रुपये पडतो, २०० युनिट वापरणाऱ्या घराला ५० पैसे! कंपनी म्हणेल, तारा आणि मीटर दोन्ही घरांना सारखेच लागतात. तेही खोटे नाही. (शिवाय कमी वापर म्हणजे गरिबीच असेही नाही, कुलूपबंद बंगल्याचे युनिटही कमीच असतात.) तरी मंदिरातील दानपेटीसमोर बसलेल्या प्रभू येशूने (मार्क १२:४१-४४) नाण्यांची संख्या नव्हे, तर देणाऱ्याजवळ मागे काय उरले ते पाहिले. दर ठरवतानाही ही नजर हवी. माझ्या मते स्थिर आकार शक्य तितका लहान असावा आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना त्यात वेगळी सवलत असावी.

कलम ६४ नुसार कंपनीला आपला दराचा अर्ज थोडक्यात प्रसिद्ध करावा लागतो आणि लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेऊन आयोग १२० दिवसांत आदेश देतो. त्याची जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते. हरकत पाठवायला वकील लागत नाही. मात्र "परवडत नाही" एवढेच लिहून भागत नाही. बिलाची प्रत जोडावी, आणि कोणता आकार, किती व का जाचक आहे, ते नेमके मांडावे. ज्यांना लिहिता येत नाही अशा शेजाऱ्यांची बिलेही सोबत घ्यावीत.