यंत्र आले, विद्या केव्हा आली? : आपल्या टेलिफोनच्या इतिहासाचा एक अभ्यास

'तंत्रज्ञानाचे हस्तांतरण' हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांतून नित्य वाचावयास मिळतो. एका देशाने दुसऱ्यास यंत्र विकले, सोबत नकाशे दिले, चार तंत्रज्ञ धाडले, की विद्याही हाती आली, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती कितपत खरी आहे हे पाहावयाचे तर आपल्या देशातील टेलिफोनचेच उदाहरण घ्यावे. व्यापाऱ्याचा त्याच्याशी संबंध जुना. आमच्या वयाच्या सभासदांना ट्रंककॉल आठवत असतील. मुंबईचा भाव विचारण्यासाठी सकाळी नोंदविलेला कॉल दुपारी लागे, तोवर बाजार उलटलेला असे. आणि तातडीचा करावा तर दुप्पट आकार पडे.

१९४८ साली बंगळूर येथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी कारखाना निघाला. लिव्हरपूलच्या ऑटोमॅटिक टेलिफोन अँड इलेक्ट्रिक कंपनीशी करार होऊन तेथे स्ट्रोजर पद्धतीची सामग्री तयार होऊ लागली. (हा स्ट्रोजर अमेरिकेत अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा धंदा करी. ऑपरेटर आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, या संशयाने त्याने ऑपरेटरविना चालणारे एक्सचेंज योजिले व १८९१ साली पेटंट मिळविले, असे सांगतात. धंद्यातील संशयही कधी असा लोकोपयोगी ठरतो!) या यंत्राचा मोठा गुण हा की, त्याचे काम डोळ्यांना दिसे व कानांना ऐकू येई. एकेक आकडा फिरविला की एकेक पायरी सरके. मुरलेला मेकॅनिक नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखी. आपल्या मुनीमांनी मूठभर तूर हातावर घेऊन ओलावा सांगावा, तसलीच ही विद्या. ती गुरूजवळ राहूनच येते.

पुढे १९६४ साली पेंटाकोंटा नावाच्या क्रॉसबार पद्धतीसाठी बेल्जियममधील अँटवर्पच्या बेल टेलिफोन कंपनीशी करार झाला. यंत्र नव्या पिढीचे होते, परंतु येथे आल्यावर दुखणेकरी झाले. कारण पाहण्याजोगे आहे. ते युरोपातील वापर डोळ्यांपुढे ठेवून आखलेले होते. तेथे एका घरी एक टेलिफोन, आणि दिवसाकाठी मोजके कॉल. आपल्याकडे एका दुकानाचा टेलिफोन साऱ्या गल्लीचा! शिवाय पहिल्या खेपेस नंबर न लागला तर आपण स्वस्थ बसतो थोडेच? पुन्हा पुन्हा फिरवितो. त्या भाराखाली यंत्रणा गुदमरली. त्यात आपल्याकडील धूळ व दमट हवा यांची भर पडली. नकाशांत या गोष्टी नव्हत्या, कारण नकाशे काढणाऱ्यांस त्या ठाऊकच नव्हत्या. अखेर १९५६ साली स्थापन झालेले टेलिकम्युनिकेशन रिसर्च सेंटर व बंगळूरचा कारखाना यांतील आपल्याच अभियंत्यांनी यंत्राची आखणी येथील वापरास अनुरूप करून घेतली. आमच्या मते विद्या खऱ्या अर्थाने हाती आली ती या दुरुस्तीच्या वेळी; करारावर सह्या झाल्या तेव्हा नव्हे.

माणसे शिकविण्याची सोयही सरकारने केली होती. जबलपूरचे प्रशिक्षण केंद्र जुनेच. १९७५ साली गाझियाबादला संयुक्त राष्ट्रसंघाच्या साहाय्याने उच्च प्रशिक्षण केंद्र निघाले.

ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. सॅम पित्रोदा यांचे नाव तिच्याशी निगडित आहे. छत्तीस महिने व छत्तीस कोटी रुपये अशी बोली होती. मोठ्या शहरांचे एक्सचेंज त्या मुदतीत पुरे झाले नाही व टीकाही झाली. मुदत चुकली की टीका व्हावयाचीच. परंतु खेड्यासाठी योजिलेले लहान एक्सचेंज नामी निघाले. त्यास थंड हवेची खोली लागत नसे. १९८६ साली ते प्रथम बसले ते आपल्या बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे, ही गोष्ट आपल्यापैकी कितीकांस ठाऊक आहे? पुढे सी-डॉटने ही विद्या देशातीलच अनेक कारखान्यांस दिली. काल घेणारा देश आज देणारा झाला.

एक फरक मात्र ध्यानात घ्यावा. नव्या यंत्रात बिघडलेले कार्ड काढावयाचे, दुसरे बसवावयाचे व जुने दुरुस्तीस धाडावयाचे. कानांचे काम संपले. जागेवरचा माणूस यामुळे अधिक परावलंबी झाला.

हेच आज आपल्या गिरण्यांत घडत आहे. डाळ निवडणारी कॅमेऱ्याची यंत्रे अनेकांनी घेतली. विक्रेत्याचा माणूस दोन दिवस राहतो, एका पोऱ्यास बटणे दाखवितो व जातो. तो पोऱ्या नोकरी सोडून गेला की ऐन हंगामात यंत्र झाकून ठेवण्याची पाळी येते. म्हणून खरेदीच्या वेळीच लिहून घ्यावे की, शिकविणे दोघांस होईल, त्यांपैकी एक घरचा असेल, आणि ते शिकविणे आपल्याच मालावर, आपल्याच धुळीत, निदान एक पुरता हंगाम चालेल. शेवटचा हप्ता तोवर रोखून धरण्यास विक्रेते कुरकुर करतात, पण मान्य करतात.